आत्याच्या गाडीला ताप येत नाही

“बाबा, आपल्या गाडीला कधी तापच येत नाही, की तिचा थर्मामीटर मेलाय?”

प्रश्न विचारला भिंगरीने, पण प्रश्न भिंगरीचा नव्हता. तो होता मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या चष्मिसचा. चष्मिसच्या घरची गाडी नवी कोरी, दार नीट लागलं नाही तरी बोंब मारणारी. त्यामुळे जुन्या गाड्यांकडे ती म्युझियममध्ये आल्यासारखी बघायची. क्लासला जाताना बाबांच्या खांद्यावरून डोकावून तिने शोध लावला होता, की डाव्या कोपऱ्यातला तापमानाचा काटा सदानकदा तळाशी, निळ्या रेघेवर आडवा पडलेला असतो. “विचार की तुझ्या बाबांना,” तिने कोपराने ढोसलं. तिच्या शेजारच्या लंबीने त्यात तेल ओतलं, “ही कसली विचारतेय! हिची हिंमत फक्त स्टेजवर.”

झालं. भिंगरीला नुकताच कंठ फुटला होता. पूर्वी ही मुलगी बसमध्ये “थांबवा” म्हणायला लाजून पुढच्या स्टॉपवर उतरायची आणि तेवढं अंतर मागे चालत यायची. मग शाळेच्या वादविवादात कोणीतरी आजारी पडलं, हिला ढकलून उभं केलं, आणि ही चक्क जिंकली. तेव्हापासून तिच्या तोंडाला चाकं लागली होती. हिंमत काढल्यावर गप्प बसणं आता तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बाबा खजील झाले नाहीत. उलट ताठ बसले. “तापत नाही, हीच तर आपल्या गाडीची खासियत. चढावर बघ, लोक बॉनेट उघडून पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे असतात. आपण कधी उभे राहिलोय?”

“नाही,” भिंगरी म्हणाली.

“मग!” बाबा म्हणाले आणि त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. मागे दोघी दप्तरात तोंड खुपसून हसल्या. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, तो थर्मामीटरचा, तिथेच रस्त्यावर सांडला. तो कोणी उचलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण माणसं प्रश्नाचा सोयीचा अर्धा भाग ऐकतात.

गाडी तशी बाबांची नव्हतीच. ती आत्याची, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीची. घराण्यात पहिल्यांदा गाडी शिकली ती आत्या. पुढे नजर अधू झाली, मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जायची वेळ आली, तेव्हा तिने किल्ली धाकट्या भावाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “विकायची नाही. आणि रागात चालवायची नाही.” बाबांनी दोन्ही पाळलं. ते रागावले की पायी जात.

आणि ही आत्या येत्या रविवारी यायची होती, बऱ्याच काळानंतर. फोनवर तिने एकच मागणं मागितलं. “मला न्यायला गाडी घेऊन ये रे. चालवायला मागणार नाही, घाबरू नकोस. पुढे बसेन, काच खाली करेन, नुसता आवाज ऐकेन.” फोन ठेवल्यावर बाबा खाली जाऊन गाडी पुसून आले. ती आधीच पुसलेली होती.

तर त्या संध्याकाळी जिन्यात वरचे काका भेटले. वरच्या मजल्यावर राहतात म्हणून वरचे काका, पण सल्लाही ते कायम वरूनच देत. त्यांची सगळी नोकरी कुठल्याशा बर्फाळ मुलखात ट्रकच्या डेपोत झाली होती, आणि त्या बर्फाचा धाक ते अजून सगळ्या इमारतीला घालत. बाबांनी मोठ्या कौतुकाने भिंगरीचा प्रश्न आणि आपलं उत्तर त्यांना ऐकवलं.

काका तीन पायऱ्या खाली आले. “तापतच नाही?”

“कधीच नाही.”

“अरे अरे अरे,” काका म्हणाले. एखाद्याच्या घरी आजारपण कळल्यावर म्हणतात तसे. “इंजिन थंड चालणं म्हणजे माणसाला कायमची कणकण. आतलं तेल घट्ट राहतं, पेट्रोल बकाबका जातं, यंत्र आतल्या आत झिजत जातं. बाहेरून बघावं तर ठणठणीत. आणि एक दिवस…”

“एक दिवस काय?”

“तुम्ही शहाणे आहात,” काका म्हणाले आणि वर निघून गेले. सल्ल्याची उरलेली अर्धी वाटी हातात ठेवून निघून जायची त्यांची ही पद्धत फार वाईट.

रात्री बाबांचं जेवणात लक्ष लागेना. “ताईने माझ्या भरवशावर दिली, आणि मी ती आतून झिजवत बसलो,” ते म्हणाले. आई म्हणाली, “पण चालतेय की चांगली!” त्यावर बाबांनी कणकणीचा सिद्धांत तिला पुन्हा समजावला, आणि आता तिचंही जेवणातलं लक्ष उडालं.

“बाबा,” भिंगरीने ताट बाजूला सारलं, “निदान मी करते.”

तिने तसा अभ्यासही केला. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गार असेतोवर ती दार लावून बसते. इंजिन पुरेसं तापलं की दार उघडते आणि गरम पाणी वरच्या जाड पाइपातून रेडिएटरकडे थंड व्हायला सोडते. ही झडप उघडीच अडकली, तर इंजिनाला तापायलाच मिळत नाही. तपासणी सोपी: सकाळी गार गाडी चालू करायची आणि त्या पाइपावर हात ठेवून थांबायचं. चांगल्या गाडीत पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. सगळी मेख त्या ‘मग’मध्ये.

सकाळी खाली वाहनतळात बॉनेट उघडलं. बाबांनी किल्ली फिरवली. भिंगरी पाइपावर पंजा ठेवून, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी उभी राहिली. “गार आहे बाबा… अजून गार… अजून गारच…” आणि इतक्यात सोसायटीचे चिटणीस प्रकटले.

“वाहनतळात इंजिन चालू ठेवून उभं राहायला मनाई आहे. फलक वाचला नाही?”

फलक त्यांच्याच स्कूटरमागे होता. भिंगरीने स्कूटर सरकवून तो वाचला. तसं खरंच लिहिलेलं होतं.

“आम्ही निदान करतोय,” ती म्हणाली.

“निदान दवाखान्यात करतात. इथे करायचं तर अर्ज द्या. मी समितीपुढे ठेवतो.”

“समितीत कोण कोण आहे?”

“मी, वरचे काका आणि तुझे बाबा.”

“मग प्रश्नच मिटला! बाबा, तुम्ही हो म्हणा.”

“सभा बोलावल्याशिवाय त्यांना हो म्हणता येत नाही,” चिटणीस म्हणाले. आणि बाबांनी, नियम म्हणजे नियम अशी मान डोलावून, किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं. भिंगरीचा हात पाइपावरून निघाला. पाइप गारच होता.

आणखी थोडा वेळ तो हात तिथे राहिला असता तर! पण तापायला पाइपानेही जणू सभेचीच वाट पाहिली.

सभा संध्याकाळी जिन्यातच झाली. ठराव असा झाला, की इंजिन चालू करायला हरकत नाही, मात्र बॉनेट बंद ठेवावं, कारण उघड्या बॉनेटने इमारतीची शोभा जाते. बंद बॉनेटखाली हात कसा घालायचा हे विषयपत्रिकेत नव्हतं. तेव्हा भिंगरीने सकाळचं निदान हेच अंतिम मानलं: पाइप गार तो गारच राहतो, अर्थात गाडी तापत नाही, अर्थात झडप बिघडली. वादविवादात असं दोनदा ‘अर्थात’ म्हटलं की टाळ्या पडतात.

गॅरेजच्या उस्तादांनी कानामागची पेन्सिल काढून ऐकून घेतलं. “पाइप गारच?”

“गारच.”

“किती वेळ धरलात?”

“चिटणीस येईपर्यंत.”

“मग ठीक,” उस्ताद म्हणाले. चिटणीसांचं येणं हे त्यांनी कुठलं माप धरलं देव जाणे. त्यांनी नवी झडप बसवली, हात पुसले आणि म्हणाले, “आता बघा कशी तापते.”

तापली नाही. म्हणजे काटा हलला नाही. भिंगरी सगळा रस्ताभर त्याच्याकडे बघत होती, आणि काटा निळ्या रेघेवर सुट्टीच्या दिवसासारखा पसरला होता.

“पुढून वारा लागत असणार,” वरच्या काकांनी खिडकीतूनच निकाल दिला. “आमच्याकडे ट्रकच्या तोंडावर पुठ्ठा बांधायचे. वारा अडला की इंजिन ऊब धरतं.”

पुठ्ठा म्हणताच आईने मान वर केली. इथे आईबद्दल सांगायला हवं. या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला झबलं, रिमोटला पिशवी, इस्त्रीला बटवा, शिलाई मशीनला तर घेर असलेला झगा. हे सगळं आईने शिवलेलं. “गाडीच्या तोंडाला पुठ्ठा?” ती म्हणाली. “वन्सं येणार, आणि त्यांच्या गाडीला पुठ्ठा बांधून न्यायचं? माझ्याकडे सोफ्याचं रेक्झिन उरलंय.”

मग आई टेप घेऊन गाडीपुढे गुडघ्यांवर बसली. तिने जाळीची लांबी घेतली, रुंदी घेतली, नंबरप्लेटसाठी गळा ठेवला. कडेने गोट लावला, चारी कोपऱ्यांना हुक, खाली इलॅस्टिक. भिंगरीने दोऱ्याच्या रिळापासून कात्रीपर्यंत सगळं धावून धावून पुरवलं. अंगरखा बसवला तेव्हा तो असा चपखल बसला की चिटणीससुद्धा थांबून “वा!” म्हणाले. बर्फातल्या पुठ्ठ्याच्या कडेने निदान वारा तरी शिरत असेल. आईच्या हातून सैल काही शिवलंच जात नाही. जिने शाळेचा गणवेश कधी ढगळ होऊ दिला नाही, ती गाडीला कसा होऊ देईल?

काटा हलला नाही.

“आता राहिला पंखा,” काका स्वतः खाली आले. “रेडिएटरमागे पंखा असतो. तो फिरत राहिला तर अंगरखा घालून काय उपयोग? थंडीत पंखा लावून कोण झोपतं? वायर सोडून टाका.”

इथे मात्र बाबा अडले. “पंखा दिलाय तो काहीतरी विचार करूनच दिला असेल ना,” ते हळूच म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत शहाणपणाचं असं ते एकच वाक्य बोललं गेलं. आणि ते कोणी हाणून पाडलं? भिंगरीने. ती वाहनतळाच्या उंच कठड्यावर चढली आणि तिने भाषण केलं. आपण अर्ध्या उपायांचे लोक आहोत, ती म्हणाली. झडप बदलली, वारा अडवला आणि शेवटच्या पावलाशी कच खाल्ली, तर आत्याला काय तोंड दाखवणार? चिटणीसांनी टाळी वाजवली. काकांनी “ऐका, ऐका” केलं.

बाबा तिच्याकडे बघत होते. ही मुलगी पाहुणे आले की पडद्यामागे जायची, डॉक्टरांनी नाव विचारलं की आईकडे बघायची. आता ती कठड्यावर उभी राहून चारचौघांत बोलत होती. याचं त्यांना इतकं अप्रूप होतं, की ती काय बोलतेय हे तपासायचं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी वाकून पंख्याची वायर सोडली.

शनिवारी दुपारी तिघं चाचणीला निघाले. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आहे तिथे. चढावर गाडी तापतेच, असं उस्ताद म्हणाले होते. भिंगरी पुढे बसली होती, काट्यावर डोळे लावून.

“हलला?” बाबा विचारत.

“नाही. आणखी जोरात.”

बाबा आणखी पाय दाबत. चढाच्या मध्यावर मागून आई म्हणाली, “कसला गं वास येतोय? माझ्या रेक्झिनचा तर नाही?”

“नवं आहे ना, येतो वास,” भिंगरी म्हणाली.

मग इंजिनातून एक आवाज यायला लागला, डब्यात खडे हलवल्यासारखा. गाडी दमली. बाबांनी गिअर खाली घेतला. “भिंगरे, काटा बघ गं, नीट बघ.”

“थंड आहे बाबा. एकदम थंड.”

हे ती ठामपणे म्हणाली. आणि ती म्हणत असतानाच बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली, काचेवर आली, पुढचा रस्ता दिसेनासा झाला, आणि आत काहीतरी कडकन वाजून गाडी थांबली. बाबांनी हँडब्रेक ओढला. वाफेचा लोट पार झाडाच्या उंचीला गेला होता, आणि आत, काचेआड, काटा निळ्या रेघेवर शांत झोपला होता.

गाडी बंद पडली की माणसं जमिनीतून उगवतात. एकाने पाणी ओता म्हटलं, दुसऱ्याने ओतू नका म्हटलं. तिसरा वाकून अंगरखा निरखत होता. “शिवलाय छान,” तो आईला म्हणाला, “कुठे मिळाला?” बाबा रस्त्याच्या कडेला, हातात एक रिकामी बाटली घेऊन उभे होते. चढावर आपण कधी असे उभे राहिलो नाही, हे त्यांना आठवलं की काय कोण जाणे. भिंगरीला मात्र आठवलं, आणि तिने मान दुसरीकडे फिरवली.

गॅरेजमध्ये उस्तादांनी आधी अंगरखा पाहिला, मग सुटलेली वायर पाहिली, मग बराच वेळ फक्त बाबांना पाहिलं. इंजिन उघडायला संध्याकाळ झाली. मग ते काट्याच्या मागची एक बारीक वायर ओढत ओढत खाली गेले आणि तिचं टोक धरून बाहेर आले. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

“इंजिन कधी थंड नव्हतंच,” उस्ताद म्हणाले. “ते बरोबर चालत होतं. काटाच मेलेला होता. हीटर इंजिनाच्याच उबेवर चालतो, तो लावून बघितला असता तरी कळलं असतं.”

हीटर त्या घरात कधी कोणी लावला नव्हता. बाबांच्या मते तो पेट्रोल खायचा.

“मग तुम्ही का नाही बघितलं?” भिंगरी म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

“तुम्ही आलात ते झडप बिघडली म्हणून,” उस्ताद म्हणाले. “काटा मेलाय म्हणाला असतात तर काटा बघितला असता. गिऱ्हाइकाच्या शब्दाला मान द्यावा लागतो.” मग तेही जरा नरमले. “हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलंय. खालच्या ब्लॉकला, इंजिनाच्या धडालाच, चीर गेलीय. या गाडीचे भाग आता मिळत नाहीत हो. मी खोटी आशा लावत नाही.”

बाबांनी फक्त एकच विचारलं. “आवाज? नुसता चालू होऊन आवाज तरी येईल, एकदा?”

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

घरी कोणी कोणाला बोल लावला नाही. तेच जड गेलं. भिंगरीने बोलणी खायची पूर्ण तयारी केली होती, ती तशीच राहिली. बाबा म्हणाले, “वायर मी काढली. हात माझा होता.” आई म्हणाली, “सगळीकडून बंद केलं ते मी. एखादी फट ठेवली असती तर.” ती टेबलाशी बसून अंगरख्याचे टाके उसवत होती, इतके सावकाश, की जणू रेक्झिनला दुखेल. वरचे काका दारापर्यंत आले, “आमच्याकडे पुठ्ठाच असायचा,” एवढं म्हणाले आणि परत गेले. चिटणीस कळवून गेले, की गाडीची जागा रिकामी आहे तोवर तिथे दुसरं काही ठेवू नये.

मग बोलणं निघालं उद्याचं.

“सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून सांगू,” आई म्हणाली. “वन्सं चार दिवस राहणार. चार दिवस सर्व्हिसिंग चालू शकतं.”

“शेवटच्या दिवशी?” बाबा म्हणाले.

“भाग यायचाय म्हणू.”

“ताईला गाड्यांतलं कळतं. कुठला भाग विचारेल.”

“मग मित्राने नेलीय म्हणू. घाईची गरज होती, तुम्ही नाही कसं म्हणणार?”

“ताईची गाडी मी मित्राला दिली?” बाबांना हे फारच लागलं. त्यांनी गाडी मोडली होती, पण दुसऱ्याला दिली असं म्हणवेना.

दोघंही एकेक खोटं असं ठोकून पाहत होते, आणि एकही उभं राहत नव्हतं. जन्मात सराव नव्हता. भिंगरी खिडकीपाशी होती. खाली वाहनतळात तेलाचा एक डाग तेवढा दिसत होता. इतका वेळ ती गप्प होती की आईने दोनदा मान वळवून पाहिलं. पूर्वीची भिंगरी परत आली की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

बोलायला तर हवंच होतं. फक्त या वेळी टाळी कुठून येणार नव्हती, आणि जिच्यापुढे बोलायचं ती एकटी आत्या, नजर अधू झालेली, आवाज ऐकायला इतक्या लांबून येणारी.

“बाबा, आई,” भिंगरी खिडकीपासून वळली. “उद्या स्टेशनवर तुम्ही कोणी येऊ नका. मी जाणार आहे, बसने. आत्याला बसमध्ये खिडकीशी बसवणार, काच खाली करणार, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगणार. काकांचं नाव घेणार नाही, उस्तादांचंही नाही, तुमचं तर नाहीच. घर यायच्या आधी संपलं नाही, तर तिला घेऊन पुढच्या स्टॉपवर उतरेन, पण पूर्ण सांगूनच वर आणेन. हे माझं ठरलंय.”